चौथा तास

सुया टोचून झाल्या, वर पट्ट्या चिकटवून झाल्या, नळ्यांतून रक्त धावायला लागलं, आणि बाईंनी नेहमीच्या सवयीने मान वळवून डायलिसिसच्या मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. उरलेला वेळ : तीन तास. त्यांना वाटलं, काच धुरकट झाली असेल. मोकळ्या उजव्या हाताने त्यांनी चष्मा काढला, चादरीच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. तीनच. गेली चार वर्षं दिवसाआड त्या या खुर्चीत बसत होत्या, आणि प्रत्येक वेळी तिथे चार असत. तंत्रज्ञ मुलगी तीन खुर्च्या पलीकडे कुणाचा तरी रक्तदाब मोजत होती. बाईंनी हाक मारली तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही. "आजपासून तीनच, बाई. सगळ्यांनाच." मग जवळ येऊन, आवाज खाली आणून तिने सांगितलं ते एवढंच, की अकरापैकी दोन मशिनं बंद पडलीत, नवे पेशंट वाढलेत, म्हणून दिवसाच्या तीन पाळ्यांच्या चार करायच्या असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय. आणि मग ती थोडी थांबली, जणू बाई काही बोलतील म्हणून. बाई म्हणाल्या, "बरं."

हा 'बरं' तोंडातून इतका आपोआप गेला की तो गेल्यावरच त्यांना ऐकू आला. शेजारच्या खुर्चीतला शिंपी खुशीत होता. त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता की हा मोठा गमतीचा वर्ग आहे, एक बाई, एक मास्तर, आणि शिकणारं कोणीच नाही. आज तो म्हणाला, "शाळा तासभर लवकर सुटणार म्हणा की, बाई." बाई हसल्या. तीन तासांनी मशीन वाजलं, सुया निघाल्या, कापसाचा बोळा दाबून धरत त्या बाहेर आल्या, आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या पाळीच्या माणसाने त्यांना घाईने वाट करून दिली. तो नवा होता. पूर्वी शाळेची बस चालवायचा, असं तंत्रज्ञ मुलीने सांगितलं होतं. पापण्या सुजलेल्या, घोटे चपलेच्या पट्ट्यांतून वर आलेले. जागा मिळायला बाई स्वतः आठ महिने थांबल्या होत्या. तेव्हा त्यांचेही घोटे असेच होते.

घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून त्या मनात फळा पुसत राहिल्या, पण फळा काही पुसला जाईना. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं. त्या मशीनच्या कुशीला बसवलेल्या नळकांड्यात काय चालतं हे त्यांना तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त कळत होतं. केसाहून बारीक असे हजारो पोकळ धागे. धाग्याच्या आत रक्त, बाहेर स्वच्छ द्रव, मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखं तलम पटल. इकडे जे जास्त आहे ते आपल्या पायांनी तिकडे जातं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या सांगण्यावरून ते घाईही करत नाही. शिवाय रक्त म्हणजे काही सगळं शरीर नव्हे. रक्त म्हणजे नुसता व्हरांडा. घाणीची खरी गर्दी वर्गांत, मांड्यांच्या, पाठीच्या, यकृताच्या कोट्यवधी पेशींत, दारं लावून बसलेली. ती एकेक करून व्हरांड्यात येते, मग तिथून बाहेर जाते. तीन तासांत व्हरांडा झाडून लख्ख केला आणि लगेच तपासणीला कुणाला बोलावलं, तर तो म्हणणार, वा, स्वच्छ आहे. तासाभराने वर्गांची दारं उघडतात. आणि पाणी? दोन दिवसांचं अंगात साठलेलं पाणी चार तासांत काढायचं ते तीन तासांत उपसायचं म्हणजे हृदयाला जोरात हिसके. हे सगळं त्यांना माहीत होतं. माहीत असून त्या 'बरं' म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी जिभेवर लोखंडाची चव आली. पिंढऱ्यांत मुंग्या, पाठीला अशी खाज की दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटे. सुनेने पाण्याची बाटली समोर ठेवली. त्या बाटलीवर पेनाने रेघ मारलेली होती, दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंत. सून कडक नव्हती, घाबरट होती. कडकपणा तिने भीतीवर बेतून शिवलेला होता. तिला तीन तासांचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ भांडं पुसत राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही तिथे काही बोलू नका हं. ती जागा गेली तर कुठे जायचं आपण? घ्या थोडं सांभाळून." बाईंनी बर्फाचा एक खडा जिभेखाली ठेवला. तहान ही किती बारीक नजरेची असते हे या चार वर्षांत त्यांना समजलं होतं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज, दुसऱ्याच्या गळ्यात घोट उतरताना होणारी हालचाल, ओल्या फरशीचा वास, सगळं तिला दिसतं. पण आज तहानेपेक्षा सुनेचे ते दोन शब्द घशाशी अडकले. सांभाळून घे. आयुष्यात त्यांना हे किती जणांनी सांगितलं, आणि दर वेळी ते किती प्रेमाने.

बाविसाव्या वर्षी त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होत्या. खिडकीकडेचं टेबल, पितळी सूक्ष्मदर्शक, ज्याचं चाक फिरवताना थंड लागे. कांद्याची पातळ साल काचेवर पसरायची, वर खारट पाण्याचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. पेशीतलं पाणी बाहेर निघून येई, आतला जीव भिंतीपासून सुटून आकसत आकसत मध्ये गोळा होई, आणि भिंत मात्र तशीच्या तशी, रिकाम्या घरासारखी. मग साधं पाणी सोडलं की तो गोळा पुन्हा फुगत भिंतीला जाऊन टेके. वेळेवर सोडलं तर. उशीर झाला तर तो गोळा तसाच राही, मग कितीही पाणी घाला. हा उशीर नेमका कितीचा, ही त्यांची त्या वर्षीची सगळी चौकशी होती. वहीत पानंच्या पानं मिनिटं लिहिलेली. मग लग्न ठरलं, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, आणि वडील म्हणाले, शिकणं कुठे पळून जातंय, सध्या सांभाळून घे. नवरा चांगला होता. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्यानेही आयुष्यभर समतोल राखला, त्याच्या आईचा आणि बायकोचा, आणि त्या तराजूत बाईंचं पारडं नेहमी किंचित वर, हलकं राहिलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. वही कुठल्याशा घर बदलण्यात गेली.

आणि ती मुलगी. दोन वेण्या, दुसऱ्या बाकावरची. बाई फळ्यावर पेशीचं चित्र काढून सांगत होत्या की इकडचं तिकडे, तिकडचं इकडे जातं, आणि शेवटी दोन्हीकडे सारखं होतं, याला संतुलन म्हणतात. मुलगी उभी राहिली. "बाई, दोन्हीकडे अगदी सारखं झालं, की मग पेशी काय करते?" बाई म्हणाल्या, मग काही नाही, संतुलन. मुलगी म्हणाली, "काही नाही म्हणजे? मेली का ती?" वर्ग हसला आणि बाईंनी तिला खाली बसवलं. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी जाड पुस्तक काढलं आणि त्यांना कळलं की मुलीचं बरोबर होतं. जिवंत पेशी बाहेरच्या पाण्यासारखी कधीच होत नाही. आत शिरणारं मीठ ती क्षणाक्षणाला बाहेर हाकलते, ओघाच्या उलट, त्यासाठी खाल्लेल्यातली केवढी तरी शक्ती जाळते, झोपेतसुद्धा. तिचा समतोल म्हणजे हे न थांबणारं भांडण. जी बाहेरच्याशी पुरती जुळवून घेते तिला मेलेली म्हणतात. हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी पुढचा धडा होता, आणि एक पाऊल मागे जाऊन 'काल माझं चुकलं' म्हणायला जी हिंमत लागते ती त्यांच्यापाशी नव्हती. मुलगी पुढे कधी उभी राहिली नाही. बावीस वर्षं झाली त्याला, आणि अजून कधी कधी भाजी चिरताना त्या मध्येच थांबत.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या पायात पेटके यायला लागले. आधी एकदा, मग दर वेळी, तिसऱ्या तासात. तोंड वासून ते खुर्चीची कड धरत, तंत्रज्ञ मुलगी धावत येऊन त्यांचा तळवा वर दाबून धरी, आणि जरा उसंत मिळाली की ते म्हणत की आयुष्यभर पायाने मशीन चालवलं, आता मशीन पायाचा सूड घेतंय. एकदा त्यांचा रक्तदाब इतका खाली गेला की ओठ मेणासारखे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बाईंकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला यातलं कळतं. हे तीन तासांनी होतंय का?" होय म्हणायला एक क्षण पुरला असता. पण होय म्हटल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या की बघू, विचारते मी मोठ्या डॉक्टरांना. त्यांनी विचारलं नाही. सोमवारी मास्तरांच्या खुर्चीत घडी केलेली कोरी चादर होती. रविवारी श्वास लागला, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत, असं तंत्रज्ञ मुलीने सांगितलं, आणि मग तिच्यावर जे सांगायचं काम सोपवलं होतं तेही सांगितलं, की त्यांचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं. असेल. होतंच. बाईंना कुणावर आरोप करायचा नव्हता. पण त्या तीन तास त्या कोऱ्या चादरीकडे बघत पडून राहिल्या. बाकी रक्ताबरोबर आतून काय काय वाहून गेलं त्यांना कळलं नाही, पण भीती गेली. तिच्या जागी काहीतरी कडक आणि कोरडं उरलं.

सुया निघाल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. तिथे भिंतीवर कागद लावला होता, की वेळ कमी केल्यावरही सर्वांचे रक्ताचे आकडे समाधानकारक आहेत. बाईंनी तो शिक्षकाच्या नजरेने वाचला, शुद्धलेखनासकट. मग बरोबर एका तासाने आत जाऊन त्यांनी तंत्रज्ञ मुलीला सांगितलं की आता पुन्हा रक्त काढ. ती म्हणाली, आत्ताच तर काढलंय, सुई काढायच्या आधी. बाई म्हणाल्या, म्हणूनच. सुयांच्या हाताला तिने पुन्हा हात लावायचा नव्हता, म्हणून बाईंनी उजव्या हाताची मूठ वळून हाताच्या पाठीवरची शीर पुढे केली. मुलगी त्या शिरेकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि हेही दिसलं की तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि सुई टोचली. दुसऱ्या दिवशी पाळी नसताना बाई मुद्दाम गेल्या, तेव्हा दोन्ही आकडे तिने एका चिठ्ठीवर लिहून दिले. मशीन थांबताना युरिया, म्हणजे रक्तातली घाण, एकावन्न. तासाभराने चौसष्ट. बाईंनी चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली. सुनेला काही सांगितलं नाही. तिची भीती त्यांना हवीहवीशी वाटत होती, घोंगडीसारखी, आणि त्यांना आता उबेत जायचं नव्हतं.

बुधवारी तीन तास पुरे झाले, मशीन वाजलं. तंत्रज्ञ मुलगी कापसाचा बोळा घेऊन आली. बाईंनी उजव्या हाताचा तळवा डाव्या हातावरच्या सुयांवर अलगद झाकला. तळव्याखाली फिस्टुला थरथरत होता. शीर आणि रोहिणी जोडून केलेल्या त्या गाठीत रक्त दिवसरात्र असं गुणगुणतं, मधमाशी मुठीत धरल्यासारखं. "अजून एक तास लाव," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली की बाहेर पेशंट उभा आहे. बाई म्हणाल्या की माहीत आहे, तू काही करू नकोस, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही, फक्त मोठ्या डॉक्टरांना बोलाव. बाकीच्या आठ खुर्च्यांमधल्या माना वळल्या. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

मोठे डॉक्टर दुष्ट नव्हते. केस विस्कटलेले, खिशाला शाईचा डाग, डोळ्यांखाली काळं. त्यांनी स्टूल ओढून बसत शांतपणे समजावलं की जागा कमी आहेत, माणसं जास्त, एकाला चार आणि एकाला शून्य देण्यापेक्षा सगळ्यांना तीन हे जास्त न्यायाचं नाही का. एक समतोल साधावा लागतो. बाईंनी डबीतून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि पाठीमागे वळून तंत्रज्ञ मुलीकडे पाहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या की तिला विचारू नका, हट्ट माझा होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा आकडा चार तासांनंतरही थोडा चढतोच."

"चढतो," बाई म्हणाल्या. "मग चाराचे पाच करा. तीन कसे काय केलेत?"

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टरांच्या मानेवर लाली चढली. ते काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला. बसवाला आत येऊन उभा होता, एक हात भिंतीला टेकवून. "तो माझा तास आहे, बाई."

डॉक्टरांसाठी बाई तयार होत्या. दोन दिवस मनात त्यांच्याशीच बोलत होत्या. या माणसासाठी नव्हत्या. त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या खाली श्वास पुरत नसल्याची शीळ होती, जी त्यांना आतून ओळखीची होती. क्षणभर तळवा सैल पडला. उठावं. सांभाळून घ्यावं. त्यांच्या पायांनी तर खरोखर चादर सरकवायला सुरुवातही केली. मग त्यांना वाटलं की आत्ता मी उठले तर हा इथे बसेल, आणि तीन आठवड्यांनी याच खुर्चीच्या कडेला धरून पाय ताणेल, आणि तेव्हाही दारात कोणीतरी उभं असेल, आणि त्यालाही वाटेल की आपला तास या माणसाने खाल्ला. त्यांनी तळवा पुन्हा घट्ट केला.

"तुमचा तास माझ्यापाशी नाही," त्या म्हणाल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा. "तो त्या कोपऱ्यातल्या दोन मशिनांत अडकलाय. चार महिने झाले बंद पडून. मी उठले तर तुम्हाला तीन तास मिळतील, आणि परवा तुम्हालाही असंच उठवतील. मला उठवायचं असेल तर उठवा. पण आधी त्यांना विचारा."

बसवाल्याने कोपऱ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "चार महिने?" डॉक्टर म्हणाले की वर पत्र पाठवलंय, दोनदा पाठवलंय, सुटा भाग यायचाय. बोलता बोलता त्यांचा आवाज त्यांनाच पटेनासा झाला असावा, कारण ते मध्येच थांबले. बसवाला भिंतीवरून हात काढून हळूहळू आला आणि डॉक्टरांनी सोडलेल्या स्टुलावर बाईंच्या पायाशी बसला. "थांबतो मी," तो म्हणाला. "पण मलाही चार लागतील." पलीकडून एका म्हातारीने, जी चार वर्षांत कधी कुणाशी बोलली नव्हती, सांगितलं की मलापण. तंत्रज्ञ मुलीने कुणाकडे न बघता मशीनचं बटण दाबलं आणि म्हणाली की शेवटच्या पाळीला उशीर होईल, मी थांबेन. पडद्यावर साठ मिनिटं आली.

त्या तासात बाईंना खूप थंडी वाजली आणि खूप भीतीही. गेली म्हटलेली भीती परत आली होती, फक्त आता ती बरोबर बसली होती, समोर नव्हे. घरी काय सांगायचं याचा त्या विचार करत राहिल्या. सुनेने ऐकलं तेव्हा ती खुर्चीत बसून रडली, म्हणाली की जागा जाणार आता. बाईंनी तिला जवळ घेतलं, समजूत घातली नाही. जाईलही, म्हणाल्या. पण मास्तरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, ते मला आता नाही जमणार.

जागा गेली नाही. शुक्रवारी त्यांच्यापुढे एक छापील कागद आला, की जादा वेळ मी स्वतःच्या जबाबदारीवर घेत आहे. बाईंनी 'जादा' या शब्दावर काट मारली, वर 'ठरलेला' असं लिहिलं, खाली एकावन्न आणि चौसष्ट हे आकडे लिहिले आणि मग सही केली. त्या दिवशी नऊपैकी सहाजण उठले नाहीत, आणि सहाही जणांनी 'जादा' खोडलं. आठवडाभर पाळ्या कोलमडल्या, दोघांना दुसऱ्या दवाखान्यात पाठवावं लागलं. त्यातली एकजण तिथून परत आली नाही, तिथेच राहिली की काय झालं, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची बोच त्यांनी स्वतःपाशी ठेवली, कुणावर ढकलली नाही. पाचव्या आठवड्यात एक मशीन दुरुस्त होऊन सुरू झालं, दुसरं गाडीत घालून नेलं आणि त्याच्या जागी तसलंच जुनं पण चालतं आलं. भिंतीवरचा कागद निघाला, आणि पडद्यांवर पुन्हा चार तास दिसायला लागले. बाईंची वेळ मात्र पहाटेच्या पाळीत टाकली गेली, कारण न सांगता. मोठे डॉक्टर फेरीला आले की त्यांच्या खुर्चीपाशी फक्त कागद बघत. बाईंनी गजर लावायला सुरुवात केली. अंधारात उठून त्या पायी बसथांब्यावर येत, आणि रस्ता सगळा त्यांचा असे.

त्या पाळीत एके दिवशी बसवालाही आला. त्याच्या घोट्यांची हाडं आता दिसत होती. तीन तास झाले, मशीन तसंच चालू राहिलं, खिडकीत उजाडून ऊन जमिनीवर उतरलं, बोलायचं ते सगळं बोलून संपलं. तो छताकडे बघत पडला होता. मग एक लांब जांभई देऊन म्हणाला, "बाई, हा चौथा तास म्हणजे नुसता कंटाळा हो."

बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "मास्तरांना मिळाला नाही तो."